शिक्षक व्हायचे आहे, पण कोणत्या इयत्तेचा?

महाराष्ट्रात शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना घरातली वडीलधारी माणसे बहुधा एकच सल्ला देतात : आधी बी.एड. करून घे, नोकरीचे पुढे पाहता येईल. हा सल्ला एके काळी पुरेसा होता. आज तो अपुरा आहे आणि एका बाबतीत तर चुकीचाच आहे, कारण नुसती बी.एड. पदवी असलेल्या उमेदवाराची पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नियुक्ती होऊ शकत नाही, आणि ही गोष्ट अनेकांना दोन वर्षे व शुल्क खर्च करून पदवी हाती आल्यावर कळते. शिक्षक होण्याच्या वाटेवर सध्या अर्हता, पात्रता, गुणवत्ता, नियुक्ती आणि मान्यता असे पाच टप्पे आहेत. यातल्या प्रत्येक टप्प्यावर निराळी यंत्रणा निराळाच प्रश्न विचारते, आणि एका टप्प्यावर मिळालेले यश पुढच्या टप्प्यावर कोणताही हक्क निर्माण करत नाही. बहुतेक गैरसमज आणि बरीचशी निराशा हे टप्पे एकमेकांत मिसळल्यामुळे होते, असे मला वाटते. म्हणून ते सुटे करून पाहणे आवश्यक आहे.

मुळात शिक्षकाला आपल्याकडे 'परवाना' मिळतो का, हा प्रश्न आधी सोडवू. डॉक्टरला वैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि वकिलाला बार कौन्सिलची सनद घ्यावी लागते. ती नोंदणी किंवा सनद हाच त्याच्या व्यवसायाचा आधार असतो. काही देशांत शिक्षकांचेही असेच आहे. स्कॉटलंडमध्ये १९६५ साली स्थापन झालेली शिक्षक परिषद शिक्षकांची नोंदणी करते, आणि अमेरिकेत प्रत्येक राज्य सरकारी शाळांतील शिक्षकांना स्वतःचा परवाना देते. भारतात शालेय शिक्षकासाठी अशी एकच एक सनद नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकाला १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावे लागते आणि त्याचा नोंदणी क्रमांकच त्याची ओळख ठरतो. बाकीच्या शिक्षकांच्या बाबतीत परवान्याचे काम वर सांगितलेले टप्पे मिळून करतात, आणि त्यामुळेच ही व्यवस्था बाहेरून पाहणाऱ्याला गुंतागुंतीची वाटते.

या व्यवस्थेचा पाया दोन कायद्यांत आहे. पहिला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा १९९३ चा कायदा. या कायद्यानुसार १९९५ मध्ये अस्तित्वात आलेली ही परिषद, म्हणजे बोलण्यात येणारी एनसीटीई, देशातील शिक्षक प्रशिक्षणाच्या संस्थांना मान्यता देते आणि अभ्यासक्रमांचे निकष ठरवते. दुसरा कायदा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा, २००९ चा, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २३ मध्ये असे म्हटले आहे की केंद्र सरकारने प्राधिकृत केलेली शैक्षणिक संस्था ज्या किमान अर्हता ठरवील, त्या धारण करणारी व्यक्तीच शिक्षक म्हणून नियुक्तीस पात्र राहील. केंद्राने हे काम एनसीटीईकडे सोपवले, आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांच्या किमान अर्हता देशभर लागू झाल्या. शिक्षक पात्रता परीक्षा प्रथम सक्तीची झाली ती याच अधिसूचनेने. शाळा जिल्हा परिषदेची असो, अनुदानित असो किंवा विनाअनुदानित असो, पहिली ते आठवीपर्यंत हा निकष लागू होतो. फक्त अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या एका निकालामुळे वेगळा पडला असून त्याविषयी पुढे सांगतो.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. कायद्याच्या दृष्टीने 'शाळेतील शिक्षक' असा एकच वर्ग नाही. पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी व दहावी, अकरावी व बारावी असे चार गट आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणशास्त्र पदविका लागते. तिलाच आता डी.एल.एड. म्हणतात आणि जुन्या पिढीच्या तोंडी ती अजूनही डी.एड. आहे. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड. चालते. नववी-दहावीसाठी संबंधित विषयातील पदवी व बी.एड., आणि अकरावी-बारावीसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी व बी.एड. लागते. गुणांच्या टक्केवारीच्या अटीही आहेत. त्या साधारणपणे ५० टक्क्यांच्या आसपास असल्या, तरी प्रवर्गानुसार आणि पदवी कोणत्या वर्षी मिळवली त्यानुसार त्यांत फरक पडतो, म्हणून त्या मूळ जाहिरातीतूनच वाचाव्यात. कला, क्रीडा आणि विशेष शिक्षकांच्या अर्हता याहून निराळ्या आहेत.

बी.एड. ही डी.एल.एड.पेक्षा 'मोठी' पदवी असताना ती लहान मुलांच्या वर्गाला का चालू नये, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. या प्रश्नाला अलीकडचा इतिहास आहे. एनसीटीईने २८ जून २०१८ रोजी अधिसूचना काढून बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. अट इतकीच होती की नियुक्तीनंतर दोन वर्षांच्या आत त्यांनी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा. हा वाद राजस्थानातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. प्राथमिक शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, तो केवळ वर्गात बसण्याचा नसून दर्जेदार शिक्षणाचा हक्क आहे, आणि बी.एड.चा अभ्यासक्रम लहान मुलांना शिकवण्यासाठी आखलेलाच नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की हा निकाल पुढील नियुक्त्यांना लागू राहील. आधीच्या काळात रीतसर जाहिरातीनुसार नियुक्त झालेल्यांची सेवा त्यामुळे जाणार नाही, मात्र त्यांना सेतू अभ्यासक्रम करावा लागेल.

मला हा निकाल योग्य वाटतो. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालून वाचायला शिकवणे, दहाचा गठ्ठा म्हणजे काय हे काड्यांच्या जुड्या बांधून त्याच्या हातात आणून देणे, घरची बोली घेऊन आलेल्या मुलाला न हिणवता प्रमाण भाषेकडे नेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. बीजगणित उत्तम शिकवणाऱ्या माणसाला ते आपोआप येत नाही. पदवी उच्च म्हणून लहान मुलांना शिकवणे सोपे, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे आणि पहिलीच्या वर्गाचे तिने बरेच नुकसान केले आहे. ज्याला लहान मुलांबरोबर काम करायचे आहे, त्याने बारावीनंतरच डी.एल.एड.कडे वळावे आणि पदवी सोबत किंवा नंतर घ्यावी. ज्याला आपला विषय प्रिय आहे, त्याने पदवी व बी.एड.ची वाट धरावी. हा निर्णय पहिल्या अर्जाच्या आधी घ्यायचा असतो, कारण तो नंतर बदलायचा म्हटले तर पुन्हा दोन वर्षे द्यावी लागतात.

अर्हतेचा, म्हणजे प्रशिक्षणाचा, टप्पा विचारतो तो प्रश्न असा : या माणसाला शिकवण्याचे शिक्षण मिळाले आहे का? डी.एल.एड.चे प्रवेश राज्यात पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत बारावीच्या गुणांवर होतात, तर बी.एड.साठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष सीईटी घेतो. बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते. ते दोन वर्षांचे झाले याचा एक धागा महाराष्ट्रातूनच निघालेला आहे. राज्यातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात शिक्षक प्रशिक्षणाच्या ढासळलेल्या दर्जावर बोट ठेवले आणि प्रशिक्षणाचा कालावधी वाढवण्याची शिफारस केली. त्यानंतर एनसीटीईची २०१४ ची नियमावली आली आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. या नियमावलीने वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आवश्यक केला असून त्याचा मोठा भाग आंतरवासिता म्हणून प्रत्यक्ष शाळेत घालवायचा असतो.

या वीस आठवड्यांविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. पाठ टाचण लिहून, शैक्षणिक साधने सजवून, निरीक्षकासमोर एक सराव पाठ छान घेणे आणि तोच वर्ग रोज पाच-सहा तास सांभाळणे यांत फार अंतर आहे. छात्राध्यापकाने हा काळ केवळ सह्या गोळा करण्यात घालवला, तर पदवी मिळते, पण वर्गातला पहिला महिना अत्यंत कठीण जातो, आणि त्याची किंमत समोरची मुले मोजतात. म्हणून महाविद्यालय निवडताना त्याचे निकाल जसे पाहतो, तसेच ते छात्राध्यापकांना खरोखर शाळेत पाठवते का, याची चौकशी जुन्या विद्यार्थ्यांकडे करावी. तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे संस्थेला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला एनसीटीईची मान्यता आहे का, हे स्वतः पाहावे. 'वर्गात न येता पदवी' अशी हमी देणाऱ्या संस्थेची पदवी पुढे पडताळणीत अडकण्याचा धोका मोठा असतो. बारावीनंतर चार वर्षांत पदवी व शिक्षणशास्त्र एकत्र पूर्ण करण्याचा एकात्मिक अभ्यासक्रमही आता सुरू झाला असून त्यासाठी राष्ट्रीय परीक्षा संस्था स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत हाच शिक्षकाचा किमान अभ्यासक्रम व्हावा, असे उद्दिष्ट आहे.

पुढचा टप्पा शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा. पहिली ते आठवीच्या कोणत्याही गटासाठी ही परीक्षा अनिवार्य आहे. नववी ते बारावीसाठी सध्या नाही. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने ती आवश्यक केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने राज्याची पहिली परीक्षा घेतली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ घेत असलेली सीटीईटी ही तिची केंद्रीय बहीण; केंद्रीय विद्यालये व नवोदय विद्यालयांसाठी ती लागतेच, आणि राज्यातील भरतीतही ती ग्राह्य धरली जाते. दोन्हींचा आराखडा एकच आहे : १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी असतो आणि त्यात बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. पेपर दोन सहावी ते आठवीसाठी असतो. त्यात पहिले तीन विभाग तसेच राहून उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एका गटाला जातात. दोन्ही गटांसाठी पात्र व्हायचे असेल, तर दोन्ही पेपर द्यावे लागतात. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना राज्यात ५५ टक्क्यांची सवलत आहे. प्रमाणपत्र आधी सात वर्षांपुरते वैध होते. २०२१ मध्ये ते आजीवन करण्यात आले आणि ही सोय २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांना लागू झाली.

ही परीक्षा काय तपासते, हे नीट कळले तर तयारीची दिशा बदलते. एक उदाहरण घेऊ. तिसरीतल्या एका मुलीने ५२ मधून ३८ वजा करून उत्तर २६ लिहिले. बरोबर उत्तर १४ आहे, हे सांगायला शिक्षक लागत नाही. शिक्षकाने पाहायचे असते ते हे की मुलीने पाचातून तीन वजा करून दोन लिहिले आणि दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन वजा करून सहा लिहिले. म्हणजे तिने मनात एक नियम तयार केला आहे की प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. तिचे उत्तर निष्काळजीपणाचे नाही, तिच्या परीने ते तर्कशुद्धच आहे. तिच्याकडून आणखी वीस उदाहरणे सोडवून घेतली, तर ती वीस उदाहरणे याच चुकीच्या नियमाने सोडवील. उपाय आहे तो दशकाची एक जुडी सोडून दहा एकक सुटे करण्याचा अनुभव तिला पुन्हा देण्याचा. टीईटीतील अध्यापनशास्त्राचे प्रश्न या धाटणीचे असतात : मुलाचे उत्तर दिलेले असते आणि त्यामागचा विचार व शिक्षकाची पुढची कृती विचारलेली असते. पियाजे, वायगोट्स्की, ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांची नावे व त्यांच्या सिद्धांतांच्या व्याख्या पाठ करणाऱ्याला हे प्रश्न अवघड जातात. आंतरवासितेत मुलांच्या वह्या बारकाईने पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटतात. भाषेच्या भागातही उताऱ्याच्या आकलनाबरोबर भाषा कशी शिकवावी, यावर प्रश्न असतात. नुसते विषयाचे पाठांतर करून बसणारे उमेदवार अनेकदा याच भागात मागे पडतात.

टीईटी उत्तीर्ण होणे म्हणजे नोकरी मिळणे नव्हे, हे परीक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिलेले आहे. ती फक्त एवढेच सांगते की या उमेदवाराचा विचार करायला हरकत नाही. शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम चालू असतानाही ती देता येते आणि कितीही वेळा देता येते. या परीक्षेवरचा विश्वास राज्यात एकदा फार हादरला होता. २०१९-२० च्या परीक्षेत गुण वाढवून अपात्रांना पात्र ठरवल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. पैसे भरून पात्रता मिळवून देतो म्हणणाऱ्या माणसाच्या नादी लागणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की अशी कारवाई निवड झाल्यावर आणि नोकरीत रुजू झाल्यावरही होऊ शकते.

टीईटीचा संबंध केवळ नवीन उमेदवारांशी आहे, अशी समजूत १ सप्टेंबर २०२५ रोजी संपली. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून आलेल्या याचिकांवर निकाल देताना सांगितले की ज्या कार्यरत शिक्षकांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत, त्यांनी दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हावे. ज्यांची त्याहून कमी सेवा राहिली आहे ते निवृत्तीपर्यंत काम करू शकतील, पण टीईटीशिवाय त्यांना पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, या २०१४ च्या भूमिकेवर न्यायालयाने शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवला. वीस-पंचवीस वर्षे मनापासून शिकवलेल्या शिक्षकांना आता परीक्षेला बसावे लागणे क्लेशदायक आहे, हे मी मान्य करतो. तरीही अल्पसंख्याक शाळेत नोकरी धरू पाहणाऱ्या नव्या उमेदवाराने टीईटी टाळण्याचा हिशेब करू नये, कारण तो आधार कधी निसटेल, हे आज सांगता येत नाही.

तिसरा टप्पा गुणवत्तेचा, आणि इथे नावांचा घोळ होतो. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी हिला बोलताना 'टेट' म्हणतात आणि पात्रता परीक्षेलाही पुष्कळ जण 'टेट'च म्हणतात. दोन्ही परीक्षा परिषदच घेते, त्यामुळे गोंधळ वाढतो. मात्र त्यांचे काम अगदी वेगळे आहे. टीईटीत किमान गुणांची रेषा आहे, ती ओलांडली की पुरे. अभियोग्यता चाचणीत अशी रेषा नाही. तिथे उमेदवारांची उतरंड लागते आणि एकेका गुणाने जिल्हा बदलतो. ही चाचणी ऑनलाइन असते, २०० प्रश्न १२० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद मिळतात. १२० प्रश्न अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे असतात. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. दोन चाचण्यांमधले हे अंतर उमेदवाराने आपल्या वयाच्या आणि घरच्या जबाबदाऱ्यांच्या हिशेबात धरायला हवे. नववी ते बारावीसाठी टीईटी नसली, तरी शासकीय व अनुदानित भरतीसाठी ही चाचणी द्यावीच लागते.

चाचणीनंतर चौथा, नियुक्तीचा टप्पा येतो आणि तो 'पवित्र' प्रणालीतून पार पडतो. राज्याने २०१७ मध्ये आणलेल्या या संगणकीय प्रणालीत जिल्हा परिषदा, महानगरपालिका, नगरपरिषदा आणि खाजगी अनुदानित संस्था आपली रिक्त पदे जाहिरात म्हणून देतात. उमेदवार आपली माहिती स्वप्रमाणित करतो, प्राधान्यक्रम भरतो आणि तो लॉक करतो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागा मुलाखतीशिवाय केवळ चाचणीच्या गुणांवर भरल्या जातात. खाजगी संस्थांना मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय असा पर्याय असतो. मुलाखतीचा पर्याय निवडणाऱ्या संस्थेकडे गुणानुक्रमे काही उमेदवार पाठवले जातात आणि त्यांतून संस्था एक निवडते. स्वप्रमाणित माहितीतल्या चुका नंतर दुरुस्त होणे अवघड असते, म्हणून जात प्रमाणपत्र, समांतर आरक्षण, शिक्षणाचे माध्यम आणि पदवीचे मुख्य विषय ही माहिती मूळ कागद समोर ठेवूनच भरावी.

जागा किती आणि कुठे निघतात, हे उमेदवाराच्या गुणांवर अवलंबून नसते, आणि हे समजून घेतले तर स्वतःला दोष देणे कमी होते. दरवर्षी प्रत्येक शाळेची संच मान्यता होते. विद्यार्थ्यांच्या पटावरून तिथे किती शिक्षक मंजूर, हे ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीला ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार अशी वाढ होते, तर सहावी ते आठवीला ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक धरतात. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन झाल्यावरच नवीन जागा उरते. याच कारणासाठी २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने राज्यात शिक्षक भरती थांबवण्यात आली होती, आणि त्या काळात डी.एड. झालेल्या तरुणांची एक पिढीच्या पिढी वर्गाबाहेर राहिली. मंजूर पद असले, तरी बिंदूनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची क्रमवार नोंद, तपासून कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे ठरल्याशिवाय जाहिरात निघत नाही. गणित-विज्ञानाचे आणि सामाजिक शास्त्रांचे उमेदवार सारखेच गुण मिळवूनही वेगवेगळ्या वर्षी नोकरीला लागतात, याचे कारण बहुतांशी या गणितात असते.

शेवटचा टप्पा मान्यतेचा आहे आणि खाजगी अनुदानित शाळेत जाणाऱ्याने तो सर्वांत जास्त सांभाळावा. संस्थेने नियुक्ती आदेश दिला म्हणजे सरकारी वेतन सुरू झाले, असे होत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांनी त्या नियुक्तीला वैयक्तिक मान्यता द्यावी लागते आणि त्यानंतर शालार्थ वेतन प्रणालीत नाव येते. पद मंजूर नसताना, जाहिरात व निवडप्रक्रिया टाळून किंवा भरतीबंदीच्या काळात झालेल्या नियुक्त्यांना मान्यता मिळत नाही, आणि मग शिक्षक वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवत राहून न्यायालयाची पायरी चढतो. नोकरीसाठी संस्थेने पैसे मागितले, तर देणाऱ्याने निदान एवढा प्रश्न स्वतःला विचारावा की 'पवित्र'मधून आलेल्या, मंजूर पदावरच्या नियुक्तीसाठी पैशांची गरजच का भासावी. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, हजेरीपटावरील नोंद आणि मान्यतेचे पत्र यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ ठेवाव्यात. १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा शिक्षकाला संरक्षण देतो आणि सेवेतून काढल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, पण अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे आणि तिथे कागदच बोलतात.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांची भरती 'पवित्र'मधून होत नाही. तिथे संस्था थेट निवड करते. अर्हतेचे नियम मात्र त्यांनाही चुकलेले नाहीत.

शासकीय किंवा अनुदानित शाळेत निवड झालेला उमेदवार आधी शिक्षण सेवक म्हणून रुजू होतो. हा काळ तीन वर्षांचा असतो आणि त्यात वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधन मिळते. ते अनेक वर्षे प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये एवढेच राहिले होते. १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये झाले. घरापासून दूरच्या जिल्ह्यात भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्याला ही रक्कम आजही तुटपुंजी आहे, म्हणून निवड होण्याआधीच घरच्यांशी या तीन वर्षांविषयी बोलून ठेवलेले बरे. पूर्णवेळ शिक्षक झाल्यावर खाजगी शिकवणी घेऊन ती भर काढण्याचा विचारही करता येत नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला खाजगी शिकवणीची मनाई केली आहे. तीन वर्षांची सेवा समाधानकारक ठरली की शिक्षण सेवकाला नियमित वेतनश्रेणी मिळते आणि तो सहशिक्षक होतो.